गुरुवारचा पोलिश पापड

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार होता आणि सुलेखाबाईंचा उपास होता. नागपूरहून मॉरिसव्हिलला मुलाकडे येऊन त्यांना दोन महिने झाले होते. येताना त्यांनी बॅगेत तीन गोष्टी स्वतःच्या हाताने भरल्या होत्या: बिडाचा तवा, महालक्ष्मीच्या व्रताची पोथी आणि लक्ष्मीचा छाप असलेलं चांदीचं नाणं. बाकी कपडे वगैरे त्यांना न्यायला आलेल्या मुलाने, यतीनने, भरले. तव्यावरून विमानतळावर काय झालं, ते यतीन अजून पाहुण्यांना सांगतो.

त्या दिवशी दुपारी बाराला त्या नेहमीप्रमाणे गल्लीच्या टोकाला असलेल्या पत्रपेट्यांपाशी गेल्या. धाकटी बहीण रेखा हिने फोनवर शब्द दिला होता, की साबुदाण्याचे पापड नमुन्यादाखल पोस्टाने पाठवते. तेव्हापासून रोज दुपारी किल्ली घेऊन तिथवर जाणं हा सुलेखाबाईंचा अमेरिकेतला एकमेव स्वतंत्र उद्योग झाला होता. आज पेटीत एक पाकीट होतं. तिकिटं परदेशी, पत्ता शाईने लिहिलेला, आत काहीतरी पातळ आणि ताठ. चष्मा घरी होता. पण पापड ओळखायला चष्मा लागत नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि वाटेतच पाकिटाचं तोंड बोटाने उचकटायला सुरुवात केली.

आत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये दोन पापड होते. चौकोनी, एक पांढरा, एक गुलाबी. इतके पातळ की उजेडात धरले तर पलीकडची खिडकी दिसावी. पांढऱ्यावर छाप होता, गाय, बाळ आणि बाळाकडे बघत बसलेली बाई. गोकुळाष्टमीचे उरलेले दिसतात, रेखाला बाजारात काय एकेक मिळतं, असं त्या पुटपुटल्या. पांढऱ्याचा एक कोपरा मोडला होता. पोस्टखातं सगळीकडे सारखंच.

गुलाबी पापड त्यांनी तेलात टाकला. तो फुलला नाही, नुसता आकसला आणि लाल झाला. दाण्याच्या कुटाबरोबर त्यांनी तो खाल्ला. ना मीठ, ना जिरं. हा नक्कीच रेखाच्या सुनेचा हात, असा निकाल त्यांनी दिला. दुसरा भाजून बघावा म्हणून त्यांनी शेगडीच्या लाल झालेल्या कॉइलवर चिमट्याने धरला, तर तो भुरकन पेटला. छतावरचा स्मोक अलार्म केकाटायला लागला. टॉवेल हलवून हलवून त्यांनी तो गप्प केला आणि पापडाचा जळका तुकडा बशीत ठेवून दिला, रेखाला फोनवर वर्णन करता यावं म्हणून.

संध्याकाळी सहाला सून अहिल्या घरी आली. औषधांच्या एका कंपनीत गोळ्यांवरची आवरणं बनवण्याचं तिचं काम. दिवसभर ती अशा पापुद्र्यांच्या मागे असायची, जे पोटात नेमक्या ठिकाणी विरघळायला हवेत, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. कमी बोलायची. बोलली तर बहुधा त्यात एखादा आकडा असायचा. जळका वास तिने दारातच घेतला, बशीतला तुकडा उचलला, उलटा केला, हुंगला. मग रद्दीतून पाकीट काढून पत्ता वाचला.

"आई, हे आपलं नाही," ती म्हणाली. "हे अकरा नंबरच्या हलिनाबाईंचं आहे."

सुलेखाबाई म्हणाल्या, मग त्या बाईच्या बहिणीने पापड पाठवले असतील, आपण तिला रेखाचे देऊ. यातला "बहिणीने" हा शब्द ऐकून अहिल्याने पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला. कारण ते पाकीट खरोखरच हलिनाबाईंच्या बहिणीचं होतं.

हलिनाबाई म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या सत्तरीच्या पोलिश बाई. तिकडे असताना शाळेत लॅटिन शिकवायच्या. इकडे आल्यावर तीस वर्षं एका दाताच्या डॉक्टरकडे फोन उचलले. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, सोबतीला कायटेक नावाचा म्हातारा आखूड पायांचा कुत्रा. अहिल्या त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ड्राइव्ह करून न्यायची, आणि अहिल्या बोलत नसल्यामुळे गाडीत हलिनाबाईच बोलायच्या. त्यातून झोफियाची गोष्ट कळली होती.

झोफिया ही त्यांची धाकटी बहीण. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने दुसरं लग्न केलं, आणि नवऱ्याला वय सांगितलं बावन्न. लग्नाच्या जेवणात ग्लास उंचावून हलिनाबाई कौतुकाने म्हणाल्या, माझ्या या बहिणीला मी तीन वर्षांची असताना कडेवर घ्यायचे. नवरदेव निवृत्त गणितशिक्षक होता, आणि हलिनाबाईंचं वय त्याला माहीत होतं. त्याने तिथल्या तिथे हिशेब केला. संसार टिकला, बहिणी मात्र तुटल्या. आठ वर्षं झोफिया फोनवर बोलली नव्हती की तिने पत्राला उत्तर दिलं नव्हतं. फक्त दर नाताळला एक पाकीट यायचं, त्यात दोन पातळ वेफर, पत्र नाही, सही नाही.

"मी उघडते, बघते आणि ड्रॉवरमध्ये ठेवते," हलिनाबाईंनी सांगितलं होतं. यंदा ऑक्टोबरात मात्र त्यांनी सरळ चार ओळींची माफी लिहून पाठवली होती. झोफिया लिहिणार नाही, हे त्यांना माहीत होतं. "पण पाकीट आलं की मला कळेल. बघितलं की लगेच कळेल."

काय बघितलं की कळेल, हे अहिल्याने विचारलं नव्हतं. न विचारणं हा तिचा स्वभाव होता, आणि आजवर त्याने तिचं काही बिघडलं नव्हतं.

यतीन आला तेव्हा दोघी बशीभोवती बसल्या होत्या. त्याने सगळं ऐकलं, आणि आईची जराशी गंमत करावी म्हणून गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की दुसऱ्याचं टपाल उघडणं हा या देशात फेडरल गुन्हा आहे. सुलेखाबाईंचा चेहरा पडला. त्या सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर होत्या. पाकीट उघडणं एक गुन्हा, आतलं तळणं दुसरा, खाणं तिसरा, असं त्यांनी मनात मोजलं. यतीनने मग हसून, मी मस्करी करत होतो, असं चार वेळा सांगितलं, पण पहिल्यांदा सांगताना त्याचा अभिनय फार चांगला झाला होता.

"अहिल्या, तू त्यांना काही सांगायचं नाहीस," त्या म्हणाल्या. "तुला शपथ आहे माझी."

अहिल्याचं मत सरळ जाऊन सांगावं असं होतं. पण मग तिने पुढचा विचार केला. सांगायचं काय? की तुमच्या बहिणीचं उत्तर आलं होतं आणि ते आम्ही तळलं? पाकीट झटकून पाहिलं, पत्र नव्हतंच. म्हणजे उत्तर नाही असंच उत्तर. आणि पाकीट मिळालंच नाही तर हलिनाबाईंना वाटेल, आठ वर्षं निदान एवढं तरी येत होतं, माफी मागितल्यावर तेही बंद झालं. त्यापेक्षा आठ वर्षं जे आलं तेच नवव्या वर्षीही आलं, असं त्यांच्या हातात पडलेलं बरं. पातळ पापुद्रे बनवणं तर तिचं रोजचं काम. तिच्या हातून झालेली ही पहिली खोटी गोष्ट असणार होती, आणि तिने ठरवलं की ती नीट करायची.

यतीनने कॉम्प्युटरवर शोधून त्या वस्तूचं नाव काढलं. पोलिशमध्ये तिला ओप्वातेक म्हणतात. एका शब्दकोशाच्या पानावर चार ओळी होत्या: गव्हाच्या पिठाचा, पाण्यात कालवलेला पातळ वेफर, मूळ लॅटिन शब्द, त्याचा अर्थ अर्पण केलेलं, पूर्वी औषधवाले कडू पूड गिळायला सोपी जावी म्हणून याच नावाच्या पापुद्र्यात बांधून देत.

शेवटची ओळ वाचून अहिल्याला बरं वाटलं. म्हणजे आपलंच खानदान. सुलेखाबाई मात्र पहिल्या ओळीवर अडकल्या होत्या.

"गव्हाचं?" त्यांनी विचारलं. "आज? उपासाला?"

गुन्हा एकीकडे राहिला, तिसऱ्या गुरुवारी भरदुपारी गहू खाल्ला हे फार मोठं झालं. मग सुलेखाबाईंनी चष्मा लावला आणि दुसरी ओळ पुन्हा वाचून घेतली. अर्पण केलेलं. म्हणजे देवाला दाखवलेलं. म्हणजे नैवेद्य. म्हणजे त्यांनी खाल्ला तो प्रसाद, आणि प्रसादाने उपास मोडत नाही.

यतीनने शंका काढली, की प्रसाद कोणी तळतं का. अहिल्याने दुसरी काढली, की अर्पण झाल्यावर तो खाल्ला की होण्याआधी, हे माहीत असल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. सुलेखाबाई म्हणाल्या, सायन्सवाल्यांनी देवाच्या कामात बोलू नये. पण त्यांची खात्री झाली नव्हती. संध्याकाळच्या पूजेला त्या चांदीच्या लक्ष्मीसमोर जरा जास्त वेळ बसल्या.

शुक्रवारी अहिल्याने रजा टाकली. वहीत प्रयोग क्रमांक एक लिहिला, चाळीस ग्रॅम मैदा, साठ ग्रॅम पाणी. खाली बिडाचा तवा, वर तापवलेलं जड पॅन, वरून दाब. पहिला चिकटला. दुसऱ्याकडे बघून सुलेखाबाई म्हणाल्या, ही पोळी झाली, भाजी करू का. तिसरा फुगला. चौथा करपला. पाचव्याच्या वेळी सुलेखाबाईंनी वहीकडे ढुंकूनही न बघता तव्यावरून तुपाचं बोट फिरवलं, कालवलेल्या पिठात आणखी पाणी ओतलं, आणि घावन घालतात तसं ते तव्यावर पसरलं. अहिल्याने वरून पॅन दाबलं. चर्र झालं, वाफ गेली, आणि खालून कागदासारखा पांढरा, उजेड आरपार जाणारा पापुद्रा निघाला.

"किती पाणी घातलंत?" अहिल्याने पेन उचलून विचारलं.

"लागेल तेवढं."

अहिल्याने वहीत प्रश्नचिन्ह काढलं.

मग मूळ पापडाचं वर्णन लिहून घेणं आलं, कारण जळक्या तुकड्यावर फक्त गाईचं एक शिंग उरलं होतं. सुलेखाबाईंनी साक्ष दिली. लांबी एवढी, रुंदी एवढी. पुठ्ठ्यावरच्या खुणांशी ती जुळली. बाई, बाळ, गाय, वर एक चांदणी. आणि चांदणीच्या शेजारचा कोपरा मोडलेला. हे शेवटचं अहिल्याने लिहिलं आणि पुढे शेरा मारला, वाहतुकीत तुटला, दुर्लक्ष करावं. पट्टी आणि ब्लेड घेऊन तिने पापुद्र्याच्या चारही बाजू काटकोनात कापल्या. इतका नेटका ओप्वातेक पोलंडातही निघत नसेल. गुलाबीसाठी बिटाचा रस वापरला, साडेतीन थेंब.

चित्राचं काय, असं सुलेखाबाईंनी विचारलं. अहिल्या म्हणाली, चित्र नाही, हलिनाबाईंना मोतीबिंदू आहे, दिसणार नाही. सुलेखाबाई म्हणाल्या, म्हणून काय कोऱ्या कागदासारखा प्रसाद द्यायचा का. अहिल्याने वही मिटली. विषय संपला असं तिला वाटलं.

शनिवारी, नाताळच्या आदल्या दिवशी, दुपारी ती आंघोळीला गेली तेवढ्यात सासूबाईंनी पाकीट कणकेच्या खळीने चिकटवूनही टाकलं होतं. चांगलं चिकटलं होतं. पोस्टखात्यालाही असं जमत नाही.

पाच वाजता, उजेड जाता जाता, तिघं अकरा नंबरच्या दारात उभे राहिले. ठरलं होतं ते एवढंच. पोस्टमनने चुकून आमच्या पेटीत टाकलं, असं म्हणायचं, पाकीट द्यायचं, परतायचं. पण हलिनाबाईंनी पाकिटावरून बोट फिरवलं, तिकिटं चाचपली आणि तिघांनाही आत ओढलं.

टेबलावर पांढरी चादर होती आणि चादरीखाली, येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून, थोडं गवत, ते कडेने डोकावत होतं. दोन ताटं मांडली होती. एक त्यांचं. दुसरं, त्या म्हणाल्या, न बोलावता येणाऱ्यासाठी. दर वर्षी मांडतात, दर वर्षी तसंच उचलतात. यंदा त्या ताटाला तीन माणसं आली म्हणून त्यांनी हसत आणखी दोन ताटं काढली. चहा आला. यतीन दाराकडे बघत होता. सुलेखाबाई हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या, जसं व्हिसाच्या मुलाखतीला बसल्या होत्या.

हलिनाबाईंनी पाकीट सुरीने उघडलं. गुलाबी तुकडा बाहेर काढून त्यांनी खाली वाकून कायटेकला दिला. तो जनावरांचा असतो, त्यांनी सांगितलं. पूर्वी गावाकडे गोठ्यात नेऊन गाई-म्हशींना द्यायचे. आजच्या संध्याकाळी तो खाल्लेलं जनावर माणसासारखं बोलतं, असं आजी सांगायची. अहिल्याने हे मराठीत सासूबाईंना सांगितलं. सुलेखाबाईंनी चहाचा कप तोंडाशी नेला आणि तो खाली आणलाच नाही. यतीनला अचानक खोकला आला.

मग हलिनाबाईंनी पांढरा हातात घेतला. त्यांनी डोळ्यांनी पाहिलंच नाही. अंगठ्याने कडेकडेने त्या चाचपत गेल्या. एक कोपरा. दुसरा. तिसरा. तिथे त्या जरा थांबल्या, श्वास घेतला, आणि चौथ्यावर अंगठा ठेवला. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अहिल्या बघत होती. तिने आयुष्यात पुष्कळ मोजमापं पाहिली होती, पण मोजता मोजता माणूस इतका म्हातारा होताना पाहिला नव्हता.

"चारही आहेत," हलिनाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या आणि कपाटाचा ड्रॉवर उघडला. आत आठ पांढरे ओप्वातेक एकावर एक रचले होते, सगळे अखंड. नववा त्यांनी वर ठेवला. मग खुर्चीत परत येऊन, जणू डॉक्टरच्या फोनवर कोणाला अपॉइंटमेंट नाही असं सांगावं, तशा आवाजात समजावलं. नाताळला घरचे सगळे एकमेकांच्या ओप्वातेकचा तुकडा मोडून खातात, आणि खाताना मनातलं काढून टाकतात. जो दूर असतो त्याला पोस्टाने पाठवतात. पण पाठवण्याआधी पाठवणारा स्वतःचा कोपरा मोडून खातो. मग उरलेला पोचला की दोघांनी एका टेबलावर खाल्ल्यासारखं. अखंड पाठवणं म्हणजे नुसती रीत पाळणं. "झोफियाने रीत पाळली," त्या म्हणाल्या. "ती नेहमीच पाळते."

अहिल्याचे कान तापले. पट्टी, ब्लेड, काटकोन. वाहतुकीत तुटला, दुर्लक्ष करावं. बहिणीने हो म्हटलं होतं आणि तिने नेटकेपणाने ते नाही करून दिलं होतं.

"काय म्हणतात गं त्या?" सुलेखाबाईंनी विचारलं.

अहिल्याने सांगितलं. हळू आणि पूर्ण, काही न गाळता.

"अगं, पण कोपरा तर मोडलेला होता," सुलेखाबाई म्हणाल्या.

यतीन पटकन म्हणाला, आई, चहा निवतोय. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या सुनेकडे बघत होत्या. खोलीत मराठी कळणारे तिघंच होते आणि गोष्ट अजून त्या तिघांतच होती.

"मला परत पाठवतील का?" त्यांनी विचारलं.

"नाही आई. आणि पाठवलं तर मी येते बरोबर."

"मग सांग तिला. सगळं सांग. तळला तेही सांग."

अहिल्याने सांगितलं. तिला गोष्टी रंगवून सांगता येत नसत, म्हणून तिने घडलं त्या क्रमाने सांगितल्या: गुरुवार, उपास, पेटी, बहिणीचे पापड, तेल, कॉइल, अलार्म, मैदा चाळीस ग्रॅम. शेवटी ती म्हणाली की कोपरा तिने लिहून घेतला होता आणि आपल्या मनाने खोडला, ती चूक सासूबाईंची नाही, तिची. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ती आयुष्यात इतकं सलग कधी बोलली नव्हती.

हलिनाबाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग त्यांनी खुर्ची अहिल्याकडून वळवून सुलेखाबाईंच्या समोर आणली, आणि सुरू झाली उलटतपासणी. कुठला कोपरा? सुलेखाबाईंनी हवेत चौकोन काढून वरचा उजवा दाखवला, चांदणीच्या शेजारचा. केवढा? त्यांनी करंगळीचं नख दाखवलं, मग विचार करून अंगठ्याचं. सरळ तुटलेला की वाकडा? अहिल्याने भाषांतर करण्याआधीच सुलेखाबाईंनी चादरीखालची गवताची काडी ओढून घेतली आणि बोटांनी मोडून समोर धरली. वाकडा. हाताने मोडलेला.

"झोफिया," हलिनाबाई म्हणाल्या. "तिला सरळ काही मोडता येत नाही. लहानपणापासून." आणि त्यांनी डोळे पुसले.

मग त्यांना काहीतरी आठवलं. उठून त्यांनी ड्रॉवरमधला सगळ्यात वरचा ओप्वातेक काढला, खिडकीपाशी नेऊन, भिंग लावून, अगदी नाकाशी धरला. गाईऐवजी तिथे काय आहे, असं त्यांनी विचारलं. अहिल्या म्हणाली, काही नाही, तो कोरा आहे. हलिनाबाई म्हणाल्या, कोरा नाही, मध्ये एक बाई बसली आहे, कमळावर. आणि त्या जरा चाचरल्या. "तिला हात जास्त आहेत."

अहिल्याने सासूबाईंकडे पाहिलं. सुलेखाबाई छताकडे बघत होत्या.

"ओला फडका फिरवला आणि नाणं ठेवून दाबलं, बस," त्या शेवटी म्हणाल्या. "गुरुवारची गोष्ट होती, गुरुवारच्याच देवीने निस्तरली पाहिजे. आणि कोरा प्रसाद मी देणार नव्हते, तुला आधीच सांगितलं होतं."

हे भाषांतर होऊन पोचलं तेव्हा हलिनाबाई हसायला लागल्या. आधी बेताने, मग टेबलाला धरून. हसता हसताच त्यांनी फोन उचलला. तिकडे अकरा वाजून गेले होते, झोफिया आता मध्यरात्रीच्या प्रार्थनेसाठी चर्चला जायला कोट चढवत असेल, एरवी ती आवाज ओळखून फोन ठेवते, असं त्यांनी नंबर फिरवता फिरवता सांगितलं. नंबर दोनदा चुकला. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

बाहेर तिघं आणि कुत्रा. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मग एक वाक्य. मग शांतता, इतकी लांब की यतीनने घड्याळाकडे पाहिलं. फोन ठेवला असणार, तो पुटपुटला. अहिल्याने चादरीवरच्या सुरकुत्या मोजायला घेतल्या. आणि मग आतून एकदम पोलिशचा धबधबा सुरू झाला, मध्ये हुंदका, मध्ये हसू, मध्ये शाळेतल्या बाईंचा ठणकावणारा आवाज.

यतीनचा जीव भांड्यात पडला. तो आईकडे वळून म्हणाला, की गुलाबी पापड जनावराने खाल्ला की ते बोलायला लागतं, हे तू ऐकलंस ना. तू तर गुरुवारीच खाल्लास. तरीच दोन दिवस थांबत नाहीयेस.

"तुला कायटेकच्या शेजारी बसवते," सुलेखाबाई म्हणाल्या.

वीस मिनिटांनी हलिनाबाई बाहेर आल्या. नाक लाल, केस विस्कटलेले, आणि वय दहा वर्षांनी कमी. झोफियाने सगळं ऐकून घेतलं होतं. आधी तिला वाटलं, हलिना पीत बसली आहे. मग तळण्याची गोष्ट आली तेव्हा तिने नवऱ्याला हाक मारून फोनजवळ बोलावलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. कोपरा तिनेच मोडला होता, स्वयंपाकघरात उभी राहून, आणि नवऱ्याने सांगितलं की मोडताना ती रडली. झोफिया म्हणाली, तो खोटं बोलतोय. आता तिचं एकच मागणं होतं. तिने पाठवलेले तुम्ही तळून-जाळून संपवले, तर तो अनेक हातांच्या बाईचा तिला पाठवून द्यावा. रीतसर. कोपरा मोडून.

हलिनाबाईंनी तो ओप्वातेक अहिल्यासमोर ठेवला. ज्याने बनवला त्याने मोडायचा, असं त्या म्हणाल्या. अहिल्याने दोन्ही हातांनी तो उचलला आणि नकळत टेबलावर पट्टीसारखं काही आहे का ते शोधलं.

"हाताने मोड गं," सुलेखाबाई म्हणाल्या. "लक्ष्मीला सांभाळून."

अहिल्याने डोळे मिटले आणि मोडला. वाकडा मोडला. एक बाजू लांब, एक आखूड, दोन कण चादरीवर सांडले. तुकड्याचे चार भाग झाले. हलिनाबाईंनी प्रत्येकाला काहीतरी शुभ चिंतलं, यतीनला तब्येत, सुलेखाबाईंना प्रवास सुखाचा. अहिल्याची पाळी आली तेव्हा तिने सासूबाईंच्या हातातला तुकडा आणखी थोडा मोडून घेतला आणि म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी पाण्याचं माप सांगा." सुलेखाबाईंनी मान हलवली, पण सांगेन असं म्हटलं नाही.

मग त्यांनी आपला अडलेला प्रश्न विचारला. अहिल्याने तो जसाच्या तसा पुढे केला. जे अर्पण केलेलं आहे ते चुकून, न विचारता, उपासाच्या दिवशी खाल्लं, तर उपास मोडतो का? हलिनाबाईंनी शाळेतल्यासारखी पाठ ताठ केली. लॅटिनमध्ये, त्या म्हणाल्या, या शब्दाचा अर्थ पुढे केलेलं, देऊन टाकलेलं. एकदा देऊन टाकलं की ते ज्याच्या हाती लागेल त्याचं. कोणी खायचं हे देणाऱ्याने ठरवायचं नसतं. नाहीतर मी दर वर्षी जास्तीचं ताट कशाला मांडते?

सुलेखाबाईंनी समाधानाने पदर सारखा केला. "बघ," त्या यतीनला म्हणाल्या. "उपास शाबूत आहे."

ओप्वातेक दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये गेला, पुठ्ठे नव्या पाकिटात. कायटेक टेबलाखाली झोपला होता, बोलायचं काही चिन्ह नव्हतं. अहिल्याने पेन घेतलं आणि हलिनाबाई एकेक अक्षर सांगत गेल्या तसा झोफियाचा पत्ता तिच्या स्वच्छ अक्षरात उतरवला. सुलेखाबाई खांद्यावरून वाकून बघत होत्या. घराचा नंबर नीट वाचता येतोय की नाही, हे त्यांनी दोनदा विचारलं. तिकडेही पत्रपेट्या एका रांगेत असतील, पोस्टमन तिथेही माणूसच असेल, आणि शेजारी कोण राहत असेल कोणास ठाऊक.

"वर एक ओळ लिही," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात. तळू नये."